पोस्टरचा फोटो शूटच्याच दिवशी काढा
कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही आमच्या बँडचं एक गाणं शूट केलं. हॉस्टेलची गच्ची, उसना कॅमेरा, सात जण. कव्हरचं काय, तर ‘व्हिडिओतूनच एखादी फ्रेम काढू.’ इथेच फसलो.

फुल एचडी फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची. चौकोनी कापली की उरतात १०८० बाय १०८०. गाण्यांच्या ॲपसाठी कव्हर साधारण ३००० बाय ३००० चं करतात. त्यात शटर १/५० सेकंदावर, म्हणून गिटारवरचा हात प्रत्येक फ्रेममध्ये पुसट. पुन्हा फोटो काढायचा, तर दोघं नोकरीसाठी बंगळूरला गेलेले.

म्हणून सांगतो, शूटच्याच दिवशी, त्याच कपड्यांत, त्याच उजेडात अर्धा तास फक्त फोटोंना द्या. चौकोनी, आडवा, उभा, तिन्ही काढा. थंबनेलचा उजवा खालचा कोपरा मोकळा सोडा, तिथे यूट्यूब व्हिडिओची वेळ दाखवतं. नाव देवनागरीत असेल तर मोठं आणि ठळक ठेवा. छोट्या स्क्रीनवर मात्रा-अनुस्वार आधी गायब होतात.

आमच्या कव्हरवर शेवटी रिकामी गच्ची आली. सातही जण एकत्र दिसतील असा त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तुम्ही तरी काढून ठेवा!