कार्ड घ्यायचे, तर जोडीनेच

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या उन्हाळी व्याख्यानमालेत विषय होता सर्व्हरसाठी रेड कंट्रोलरची, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून चालवणाऱ्या कार्डाची निवड. व्याख्यात्यांनी पाच मिनिटांतच तो आपल्या आवडत्या मुद्द्याकडे वळवला: ज्या कार्डाचे जुळे भावंड कपाटात नाही, ते कार्ड घेऊ नये.

समोर फोटो स्टुडिओवाले, कर सल्लागार, कॉलेजची मुले. रेड १, ५, ६ या मांडणीच्या प्रकारांतला फरक त्यांना ठाऊकच असणार, असे धरून १९८८ च्या बर्कलीतील पॅटरसन, गिब्सन, कॅट्झ यांच्या रेडवरील निबंधाचा नुसता उल्लेख झाला.

डिस्क गेली तर तेवढ्याच क्षमतेची दुसऱ्या कंपनीचीही बहुधा चालते. कार्ड गेले, तर डिस्कांवरची मांडणी ओळखणारे बहुतेक वेळा त्याच घराण्यातले कार्ड लागते. आणि घराणी टिकत नाहीत! कार्डे बनवणारी थ्रीवेअर कंपनी २००४ मध्ये एएमसीसीकडे गेली, २००९ मध्ये एलएसआयकडे. २०१४ मध्ये एलएसआयच अवॅगोने घेतली. २०१६ मध्ये अवॅगोने ब्रॉडकॉम विकत घेऊन तिचेच नाव लावले. अ‍ॅडॅप्टेक २०१० मध्ये पीएमसी-सिएराकडे, २०१६ मध्ये मायक्रोसेमीकडे, २०१८ मध्ये मायक्रोचिपकडे...

“हे तर सातबाऱ्यावरचे फेरफार झाले!” मागून आवाज आला आणि सभागृह हसले. व्याख्यातेही हसले, पण यादी पुरी करूनच थांबले.

एका विक्रेत्याला हे लागले. मग कार्डे विकूच नयेत का? व्याख्यात्यांचा स्वर जरा चढला. कार्डाशी वैर नाही, असे त्यांनी बजावले. सतत नोंदी लिहिणाऱ्या डेटाबेसला कार्डाचा कॅश, म्हणजे त्यावरची तात्पुरती स्मृती, खरोखर वेग देतो. मात्र वीज गेल्यावर तो कॅश जपायला बॅटरी किंवा फ्लॅश-कपॅसिटरची सोय हवी. आणि बॅटरी उष्णतेने लवकर थकते, हे मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या वर्धेकरांना वेगळे काय सांगायचे? घरच्या दोन-चार डिस्कांना कार्डाशिवाय रेड बांधणारी लिनक्समधली एमडीएडीएम ही आज्ञावली पुरते. यंत्र बंद पडले, तर त्याच डिस्का दुसऱ्या लिनक्स यंत्राला जोडून वाचता येतात.

तेवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली. बॅकअपचा भाग घाईत उरकावा लागला. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत फायलींची राख झाली; एकाच पेटीतल्या सगळ्या डिस्कांचे तसेच होऊ शकते. म्हणून रेड असले, तरी एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच.

शेवटचा प्रश्न एका विद्यार्थ्याचा: जुन्या सर्व्हरमधले कार्ड स्वस्तात मिळतेय, घेऊ का? घे, पण एकाच मॉडेलची, एकाच फर्मवेअरची दोन, असे उत्तर मिळाले. आधी रिकाम्या डिस्कांवर पहिल्या कार्डाने रेड बांधायचे, थोड्या फायली ठेवायच्या, मग कार्ड बदलून त्या उघडतात का पाहायचे. खरा डेटा त्यानंतर.