आधी जगवू, मग सोडवू

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पाच्या मांडवात हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेले माणूस, व्याख्याते नव्हे. पण शासकीय प्रयोगशाळेत एचआयव्हीची तपासणी करताना इथे इंदुरात आता आपली आडनावंही ऐकू येतात. म्हणून बोलतो.

एक काकू मुलाला घेऊन आल्या होत्या. ओळख पटेल असं काही सांगत नाही, ती माहिती गोपनीय असते. मुलगा इंजेक्शनने नशा करायचा. सिरिंज सापडली की काकू ती मोडून फेकायच्या. कुठल्याही आईने तेच केलं असतं. पण नशा थांबली नाही. तो मित्राची सिरिंज घेऊ लागला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. काकू एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामुळेच का हो?" आम्ही म्हणालो, "नाही काकू, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

तेच सांगायला आज उभे आहोत. वापरलेल्या सिरिंजमध्ये थोडं रक्त उरतं. त्यात विषाणू बरेच दिवस तग धरू शकतो, आणि दुसऱ्याने तीच सुई टोचली की थेट त्याच्या रक्तात जातो. हिपॅटायटिस सी असाच पसरतो.

आपल्या देशाने हा धडा मणिपुरात घेतला. म्यानमारच्या सीमेवरून तिथे हेरॉईन येत असे. पोलिसांच्या धाकाने कुणी सिरिंज जवळ बाळगेना, मग एकच सुई ड्रॉपरला जोडून अनेकांत फिरायची. १९८९-९० मध्ये अवघ्या काही महिन्यांत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. मुलांना तुरुंगात टाकून पाहिलं, साथ थांबली नाही. अखेर १९९६ मध्ये त्या राज्याने धोरण बदललं: नशा आज सुटत नसेल, तर निदान लागण तरी होऊ देऊ नका. कार्यकर्ते वापरलेल्या सुया परत घेऊन नव्या देऊ लागले. २०१०-११ च्या सरकारी पाहणीत तिथलं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्याला इतर कारणंही असतील, पण या कामाचा वाटा मोठा आहे.

हेच पुढे राष्ट्रीय धोरण झालं. सुयांबरोबर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी आली. ती केंद्रात कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची. तलफ आवरते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ लागतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने या कामाला संरक्षण दिलं. सुया वाटणारा कार्यकर्ता गुन्हेगार ठरत नाही.

"म्हणजे सरकारच नशेला उत्तेजन देतं की!" हे आम्ही नेहमी ऐकतो. आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण सुई घ्यायला येणारा मुलगा निदान कुणाशी तरी बोलतो. तिथूनच तो तपासणीला येतो, गोळीवर येतो आणि पुढे नशामुक्तीपर्यंत पोहोचतो. मेलेल्या माणसाची नशा सोडवता येत नाही.

काम संपलेलं नाही. २०२१ च्या पाहणीत देशात या लोकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होतं. सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्यांच्या जवळपास आहे.

तेव्हा आपल्याकडून तीन गोष्टी मागतो. घरात असं कुणी असेल तर त्याला घराबाहेर काढू नका. बाहेर सुई सामाईकच मिळते. तपासणीला घेऊन या, ती मोफत आणि गोपनीय आहे. लागण आढळली तरी औषधं शासकीय केंद्रात मोफत मिळतात आणि ती नियमित घेणारे वर्षानुवर्षं नीट जगतात. माहितीसाठी १०९७ आणि नशामुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक आहेत. आणि तिसरं, आपल्या कॉलनीत असं केंद्र निघालं, तर विरोधाच्या अर्जावर सही करण्याआधी एकदा आत जाऊन बघा.

त्या काकूंचा मुलगा आता औषधं घेतो, गोळीवर आहे. दर महिन्याला काकू सोबत येतात. परवा म्हणाल्या, "यंदा आरतीला त्याला घेऊन येऊ का हो मंडळात?"

आम्ही हो म्हटलंय. आपणही म्हणाल, अशी आशा आहे.

गणपती बाप्पा मोरया!