गाठ आपली, भाडं आपलं, जहाज कुणाचं?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या मेळाव्यात जहाजाची गोष्ट कशाला, असं मघाशी एका भावाने विचारलं. बरोबर विचारलं. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिला तो मोर्चाला मुंबईला गेलो तेव्हा. पण तामिळनाडूच्या सूतगिरण्या गुजरात-महाराष्ट्राची रुई घेतात. ती ट्रकने जाते, गुजरातच्या बंदरांतून काही गाठी जहाजानेही जातात. भाडं व्यापारी भरतो असं वाटतं. पण तो आपल्या कापसाचा भाव काढतो तेव्हा वाहतूक आधीच वजा झालेली असते.

देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणं हे देशी जहाजाचं काम, असं १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने ठरवलं. परदेशी जहाज लावायचं तर नौवहन महासंचालकांचा परवाना हवा. रीत अशी की आधी देशी जहाजवाल्यांना विचारायचं, त्यांच्याकडे जहाज नसेल तर परवाना. २०२५ साली किनारी नौवहनाचा वेगळा कायदा झाला. परदेशी जहाजाला परवाना त्यातही आहेच.

ऐकायला सरळ. पण जहाज ‘आहे’ म्हणजे काय? हव्या त्या तारखेला आहे की पुढच्या महिन्यात? परवडेल त्या भाड्याला आहे की अडवून मागेल त्या? देशी मालकाने आपल्याला अडवलं तर तो देशी आहे म्हणून का आम्ही त्याची आरती ओवाळायची?

आता दुसरी बाजू ऐका. १९०६ साली चिदंबरम पिळ्ळे यांनी तुतिकोरिन ते कोलंबो स्वदेशी आगबोटी सुरू केल्या. ब्रिटिश इंडिया कंपनीने तिकीट पाडलं, पाडता पाडता फुकट न्यायची तयारी केली. १९०८ मध्ये पिळ्ळे तुरुंगात गेले आणि पुढे स्वदेशी कंपनी बुडाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची सिंदिया कंपनी १९१९ ची. तिलाही १९२३ मध्ये हातपाय बांधून घेणारा करार करावा लागला. आधी स्वस्त, मग एकटा, मग महाग. हा खेळ आपल्याला बाजार समितीच्या आवारात पाहून पाठ आहे.

मे २०१८ मध्ये सरकारने शेतमाल, फळफळावळ, मासळी नेणाऱ्या परदेशी जहाजांना परवान्यातून सूट दिली, जूनमध्ये खतांनाही दिली. सूट निघाली शेतकऱ्याच्या नावाने. तिच्यामुळे तुमच्या हिशोबपट्टीत क्विंटलमागे दोन रुपये वाढले असतील त्यांनी हात वर करा. (हात वर झाले नाहीत.)

देशी जहाजवाला म्हणतो, आम्हाला कर्ज महाग. परदेशी जहाजावरच्या आपल्याच खलाशाला निम्म्याहून जास्त वर्ष बाहेर राहिला तर पगारावर आयकर नाही, आमच्या किनाऱ्यावरच्या खलाशाला आहे. आणि तुम्ही म्हणता, स्पर्धा करा! हे रडगाणं ओळखीचं वाटतं ना? ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे आपली वेचणी ऐन भरात असताना. देशात कापूस नव्हता म्हणून नव्हे. गिरणीला स्वस्त हवा होता म्हणून.

तेव्हा आम्ही दोन तोंडांनी बोलणार नाही. स्पर्धेला आमचा विरोध नाही. आधी देशी जहाजाच्या पायातली बेडी काढा, मग पळायला सांगा. आणि तोवर प्रत्येक परवान्याची कागदं उघडी ठेवा: कुणी जहाज मागितलं, देशी मालकाने काय भाडं सांगितलं, परदेशीने काय, कुणाला का नाकारलं. बंद खोलीत दिलेला परवाना देशी मालकाच्या सोयीचा असो की परदेशी, पैसे आपलेच जातात.

पुढच्या मेळाव्याला प्रत्येक तालुक्याने एक काम करून यावं. आपल्या जिनिंगवाल्याला विचारा, मागच्या हंगामात गाठी कुठे गेल्या, कशाने गेल्या आणि गाठीमागे भाडं किती पडलं. तो टाळाटाळ करील. दोनदा जा. आकडा चिठ्ठीवर लिहून आणा, इथे फळ्यावर मांडू.