मनाची जखम आणि आदिवासींचे वर्तुळ

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सूतगिरणीत रिंगखात्यात उभा राहणारा माणूस. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. चुकलो तर सांभाळून घ्या.

आमच्या खात्यातला एक सोबती मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला. त्याचा नऊ वर्षांचा पोरगा डबा घेऊन गेटवर आला होता. बापाला बाहेर आणताना त्याने पाहिले. आम्ही सगळे एकच म्हणालो, "विसर बाळा, अभ्यासाकडे बघ." पोरगा बोलायचाच बंद झाला. भोंगा वाजला की कानावर हात! 'विसर' म्हणणाऱ्यांत मीही होतो. ते मला खात राहिले, म्हणून शोधत गेलो आणि पोचलो थेट अमेरिकेतल्या आदिवासींपर्यंत.

तिथे १८७९ साली कार्लाइल गावी त्यांच्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळा निघाली. मग तशा कितीतरी निघाल्या. केस कापले, नावे बदलली, मायबोली बोलले की शिक्षा. आपण शाळेसाठी भांडलो, त्यांना शाळेनेच मोडले! हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. आईबापाची माया ज्यांना मिळालीच नाही, त्यांनी पुढे आपल्या लेकरांना ती कुठून द्यायची? लाकोटा जमातीच्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या बाईंनी ह्याला 'ऐतिहासिक आघात' असे नाव दिले.

आता उपचाराचे सांगतो. कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंगर ह्या तिघांनी आघात झालेल्या मुलांसाठी एक पद्धत बसवली. त्यात गोळी-इंजेक्शन नाही, बोलणे आहे. साधारण १२ ते १६ बैठका. आधी मुलाला समजावतात की भीती वाटणे म्हणजे वेड नव्हे. मग श्वास शांत करायला शिकवतात (आनापान करणाऱ्यांना हे नवीन नाही). मग घडलेले थोडे थोडे सांगायला लावतात. एकदम नाही, मुलाला झेपेल तेवढेच. सांगताना मनात बसलेला चुकीचा विचार सापडतो, बहुतेक वेळा 'माझ्यामुळेच झाले' हाच. तो सोडवतात. शेवटी मूल ते सगळे आपल्या माणसासमोर सांगते, आणि त्या माणसाचीही ऐकण्याची तयारी आधीच करून घेतलेली असते.

पण गोऱ्यांची पद्धत आदिवासी का मानतील? त्यांचे तर सगळे गोऱ्यांच्याच शाळेत गेले. म्हणून कॅडो जमातीच्या डोलोरेस सुबिया बिगफूट यांनी ओक्लाहोमा विद्यापीठात हीच पद्धत वर्तुळाच्या कल्पनेवर मांडली. शरीर, मन, भावना, नाती आणि आत्मिक बाजू यांचा तोल म्हणजे वर्तुळ. 'आपली माणसे' म्हणजे नुसते आईबाप नव्हेत, आजी, मामा, सगळे गोत. आणि मला पटले ते हे, की कुठलाही विधी कुणावर लादायचा नाही. साडेपाचशेवर जमाती, कुणी जुने मानतो, कुणी ख्रिस्ती. घराला आधी विचारायचे.

आम्ही त्या पोराला काहीच विचारले नव्हते. तो आता गॅरेजात कामाला आहे. गेल्या वर्षावासात त्याला घरी बोलावून बसवले आणि विचारले. म्हणाला, "काका, मी डबा उशिरा आणला, म्हणून झाले."

मी त्याला सांगितले, पट्ट्यावरची जाळी महिनाभर काढून ठेवलेली होती, आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, परत एकदा सांगा."