पुढचीं चाकें आणि पहिली झेप

पावसाळ्यांत घोडबंदरच्या रस्त्यानें ठाण्याहून मीरा-भाईंदरकडे येतांना एक गंमत पाहावयास मिळते. गायमुखच्या चढावर वाहनांची रांग थबकते. ती पुन्हां हलूं लागली कीं, एखाद्या लहान मोटारीचीं पुढचीं चाकें ओल्या रस्त्यावर गरगर फिरतात आणि गाडी मात्र जागच्या जागीं! पाहणारा म्हणतो, 'एंजिनांत दम नाहीं.' वस्तुतः दम आहे. तो रस्त्यापर्यंत पोंचत नाहीं इतकेंच.

प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांनीं ढकलली जाई. १९८३ सालीं मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी घरोघरीं परिचित झाली. अशा गाडींत जागा पुष्कळ मिळते. परंतु झेप घेतांना एक अडचण उभी राहते. बैलगाडींत मागें भार वाढला कीं गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. मोटारीचेंही तसेंच. समजा, हजार किलोंच्या गाडीचा सहाशें किलो भार पुढच्या चाकांवर आहे, दोन आंसांतील अंतर अडीच मीटर व गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर आहे. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणानें ती निघाली, तर शंभर किलो भार पुढून मागें सरकतो. ज्या चाकांनीं ओढावयाचें, तींच हलकीं होतात!

लोणावळ्यापलीकडील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे सुमारें ४०२ मीटरांच्या शर्यती झाल्या आहेत. तेथें हीच अडचण विजय हिरावून घेते. मागच्या स्प्रिंगा ताठ केल्यास गाडीचें बूड दबत नाहीं, नाक वर उचललें जात नाहीं व पुढच्या चाकांची ठेवण बिघडत नाहीं. परंतु स्प्रिंगा बदलल्यानें सरकणारा भारच कमी होतो, हा समज चुकीचा आहे. तो कमी होण्यास गाडी जमिनीलगत आणावी लागते. झिजलेले रबरी बुश बदलल्यास चाकांचें थडथडणें थांबतें. आणि घसरण रोखणारें डिफरन्शियल बसविल्यास एक चाक घसरलें तरी दुसऱ्याचा जोर वायां जात नाहीं.

मात्र ही विद्या रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर आजमावण्याची नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानें सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक जागीं शर्यत लावणें हा गुन्हा आहे. धावपट्टीवर चूक झाली तर शर्यत हरते. रस्त्यावर झाली तर कोणाच्या तरी घरीं जेवणाचें ताट वाट पाहत राहतें.

घरच्या गाडीला एवढ्या खटाटोपाची गरजही नाहीं. टायरांवर पुरेशी नक्षी असावी, हवा योग्य असावी, आणि चढावर क्लच हळुवार सोडून एंजिनाला बेतानेंच दाब द्यावा. चाक गरगरूं लागलें तर पाय दाबावयाचा नसतो, उचलावयाचा असतो. घाई आवरली कीं गाडी आपोआप चढते.