पुस्तकांनाही पिग्मी एजंट हवा
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत पाणी, पार्किंग आणि लिफ्ट यांवर आपण भरपूर बोललो. आज मी पुस्तकांवर बोलणार आहे. घाबरू नका, दहा मिनिटांत संपवतो.

माझी बरीचशी नोकरी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाखांत झाली. शिरूर घोड नदीच्या काठी, आपलं दौंड भीमेच्या काठी, आणि घोड पुढे भीमेलाच मिळते. नकाशावर हा भाग पुण्याच्या जवळचा वाटतो. पण न्हावरे, मांडवगण, राहू, पाटस या बाजूला मुख्य रस्ता सोडून वस्तीवर जाऊन पाहा. गाव एकीकडे, वस्ती शेतात, एसटी फाट्यापर्यंत. वसुलीच्या निमित्ताने मी अशा घरांतून खूप फिरलो. घरात छापील काय दिसायचं? भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात खताची गोणी आणि आमच्या बँकेची नोटीस! ती नोटीस शाळकरी मुलगी आजोबांना घडाघडा वाचून दाखवायची. वाचता येत होतं हो, वाचायला काही नव्हतं.

आता कुणी म्हणेल, ग्रंथालयं आहेत की. आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता आणि अनुदान मिळतं. पण आपल्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. त्यामुळे गावातल्या छोट्या वाचनालयाचा सगळा गाडा अनुदान, वर्गणी आणि एखाद्या ग्रंथपालाच्या चिकाटीवर चालतो. शिवाय ते गावात असतं. वस्तीवरची सून संध्याकाळी पुस्तक बदलायला तीन-चार किलोमीटर चालत येईल का? आणि दिवाळीनंतर उसाच्या फडावर कोप्या घालून राहणाऱ्या तोडणी कामगारांची मुलं? ती तर कुठल्याच वाचनालयाच्या रजिस्टरात नसतात.

बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो. माणूस काउंटरवर येत नसेल, तर काउंटरनेच माणसाकडे जायचं. 1928 साली उडुपीत सुरू झालेली पिग्मी ठेव म्हणजे हेच. एजंट रोज दारात येतो, म्हणून भाजीवालीसुद्धा बचत करते. पुस्तकांनाही असा पिग्मी एजंट हवा.

ही काही माझी नवी कल्पना नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. त्यांनी 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि पेट्यांमधून पुस्तकं खेडोपाडी पाठवली. आपल्या काळात नाशिकच्या विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे ठेवायची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. पेट्या परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत पोहोचल्या. दुबईला पेटी जाते, तर आपल्या तालुक्यातल्या वस्तीवर का जाऊ नये? याच तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या बायका-मुलींनी शंभर वर्षांपूर्वी छापखाना चालवला. तेव्हा खेड्यातल्या बाईला पुस्तक काय करायचं, हे तरी कुणी म्हणू नये.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या वाचनालयाच्या खोलीत व्यायामशाळा करावी, असा ठराव वार्षिक सभेपुढे येणार आहे. माझा विरोध नाही. तरुणांनी खुशाल वजनं उचलावीत! पण खोली रिकामी करताना पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत. त्यांच्या पेट्या कराव्यात, एवढीच माझी उपसूचना.

हिशेब सोपा आहे. सुरुवात दोन पेट्यांनी करू. एक वस्तीशाळेच्या गुरुजींकडे, एक अंगणवाडीताईंकडे. त्यांना आधी विचारायचं, काय हवं? मोठ्या टायपातली गोष्टीची पुस्तकं, पोलीस भरतीची तयारी, शेळीपालन, पाककृती. आपल्याला नकोत म्हणून फाटक्या गाईडा तिकडे ढकलायच्या नाहीत. एक वही : नाव, पुस्तक, तारीख. दंड नाही, अनामत नाही. तीन महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. आपल्यापैकी कुणाची ना कुणाची गाडी त्या बाजूला जातेच.

काही पुस्तकं परत येणार नाहीत. आमच्या भाषेत एनपीए! ती तरतूद आधीच धरून चालू. पण पानं मळून, कोपरे दुमडून आलेलं पुस्तक बुडीत समजू नका. ते फिरलेलं भांडवल आहे. खरं बुडीत म्हणजे गेली कित्येक वर्षं काचेच्या कपाटात कोरं राहिलेलं पुस्तक.

सभेला सर्वांनी या, आणि हात वर करण्याआधी एकदा ते कपाट उघडून बघा.