नोकरी कुणाच्या नावावर?

(नेरे, ता. पनवेल येथील महिला मेळाव्यातील भाषण)



'अरब देशांतली उलथापालथ आणि तरुणांचा रोजगार' हा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. बरोबर आहे. नेऱ्यात बसून ट्युनिशियाचं काय बोलायचं? पण पनवेल-उरणच्या बाईला ही गोष्ट परकी वाटणार नाही, म्हणून सांगते.

ट्युनिशियात सिदी बूझिद नावाचा शेतीचा जिल्हा आहे. तिथे महंमद बुअझिझी हा तरुण हातगाडीवर फळं-भाजी विकायचा. नगरपालिकेने त्याचा माल जप्त केला आणि 17 डिसेंबर 2010 ला त्याने स्वतःला पेटवून घेतलं. लोक रस्त्यावर आले. महिनाभरात राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. पुढे इजिप्त, लिबिया, येमेन, सीरियातही लोक उठले. काम द्या आणि माणूस म्हणून मान द्या, ही ट्युनिशियातल्या लोकांची मागणी होती. त्या मोर्च्यांत बायकाही होत्या.

मग काय झालं? सरकारं बदलली, पण तरुणांना काम मिळालं नाही. शिकलेल्या मुलींमधली बेकारी तर मुलांपेक्षा कितीतरी जास्त राहिली. 27 एप्रिल 2019 ला त्याच सिदी बूझिद जिल्ह्यात, सब्बाला इथे, शेतमजुरांना घेऊन जाणाऱ्या गाडीला अपघात झाला. बारा जण मेले, त्यात बहुतेक बायका. मालासारख्या कोंबून नेलेल्या. ज्या जिल्ह्याने अख्खा देश हलवला, तिथल्या मजूर बाईला आठ वर्षांनी कामावर जायला धड गाडीसुद्धा मिळाली नव्हती. शेतमजुरांच्या वाहतुकीचा कायदा झाला तो या मरणांनंतर.

आता आपल्याकडे या. 1970 मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना मिळाली. ही लहान गोष्ट नाही.

पण नोकरीची मागणी कशी झाली? घरटी एक. आणि घरटी एक म्हणजे कोण? मुलगा. लावणी करणारी, मिठागरात डोक्यावर पाट्या वाहणारी, मासळी विकायला बाजार गाठणारी बाई 'प्रकल्पग्रस्त' ठरलीच नाही, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. शेत गेलं, खाडी बुजली, तेव्हा तिचं काम गेलं. ते काम कधी कुणी मोजलंच नव्हतं, मग त्याची भरपाई कोण देणार?

कायदा नव्हता, असंही नाही. 1994 मध्ये महाराष्ट्राने हिंदू कुटुंबातल्या तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. 2005 मध्ये केंद्राने तो लग्न झालेल्या मुलींनाही दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, 2005 च्या आधी बाप वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही. आणि आपण काय केलं? हक्कसोडपत्रावर सही केली. मीसुद्धा केली. कुणी हात धरला नाही. भाऊ एवढंच म्हणाला, 'माहेर तुटायला नको.' प्लॉट विकला, पैसा गाडीत आणि हळदी-लग्नात गेला. आज त्याच्या मुलाला नोकरी नाही आणि मला माहेरी ओसरीपलीकडे जागा नाही.

ट्युनिशियातही हेच. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांनी समान वाट्याचा कायदा पुढे आणला. मंत्रिमंडळाने मान्य केला, संसदेत तो पास झाला नाही.

तिथली एक चांगली गोष्टही सांगते. जेम्ना नावाच्या गावात 2011 मध्ये गावकऱ्यांनी सरकारी मालकीची, पण मूळची आपल्या पूर्वजांची असलेली खजुराची बाग ताब्यात घेतली. विकली नाही, गावाच्या संस्थेमार्फत चालवली. उत्पन्नातून शाळेच्या खोल्या झाल्या, बाजार झाला, रुग्णवाहिका आली. टिकाऊ विकास म्हणतात तो हा. पैसा एकदाच हातात येऊन संपला नाही, झाडं दरवर्षी फळ देत राहिली.

आता पाळी आपली आहे. 2013 पासून नैना आली. नेरे त्यात आहे. जमीन देऊन चाळीस टक्के परत, हा हिशेब घरोघर चालू आहे. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. आपल्या मुलींना तिथे पक्की नोकरी मिळणार, की कंत्राटावरचं झाडू-पोछा?

म्हणून तीन कामं सांगते. एक, वाचल्याशिवाय कुठल्याही हक्कसोडपत्रावर सही नाही. दोन, परत मिळणाऱ्या भूखंडाच्या कागदावर बाईचं नाव. तीन, गावातली प्रत्येक बाई आज काय काम करते, भात लावते, भाजी पिकवून पनवेलच्या बाजारात नेते, वाडीवरून रानभाजी आणते, याची यादी महिला ग्रामसभेत करा आणि ठरावात लिहून घ्या. पुढे कुणी विचारलं, 'तुमचं काय गेलं?' तर दाखवायला कागद हवा.

आमच्याकडे तो नव्हता.